दिवाळीला नातेवाइकांना मुलांच्या वर्षभराचं पत्र पाठवायचं आहे. मापं, नोंदी, फोटो, छपाई कशी करावी?

इंदिरानगरची आई, नाशिक

घरात दोन मुलं. थोरली सात वर्षांची, धाकटा येत्या दिवाळीत सव्वादोन वर्षांचा होईल. आजी-आजोबा येवल्याला, आत्या पुण्यात, मामा परदेशात. दरवर्षी दिवाळीला सगळ्यांना एकच छापील चार पानी मराठी पत्र जावं, मुलं वर्षभरात किती वाढली, काय शिकली ते त्यात असावं आणि तेच पुढे मुलांना जपून ठेवता यावं, असं ठरवलं आहे.

अडचणी अशा. थोरलीची उंची शाळेत एक, दवाखान्यात दुसरी आणि घरच्या भिंतीवर तिसरी भरते. फरक चांगला दोन सेंटिमीटरचा आहे. धाकट्याच्या ‘पहिल्या’ गोष्टींच्या तारखा कोणत्या धरायच्या तेच कळत नाही. एक पाऊल टाकून पडला तो दिवस, की अंगणभर चालला तो? शिवाय थोरलीच्या नोंदी ढीगभर आणि धाकट्याच्या चारच. संगणकावर टाइप केलेला मजकूर दुकानात छापायला दिला तर जोडाक्षरं तुटली. आणि फोटो कसे पाठवावेत? यातलं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी बारकाव्यांसह सांगावं.

वाढतक्ता

ताई, तीन ठिकाणी तीन मापं येणारच, कारण तिन्हीकडे मोजायची वेळ आणि पद्धत वेगळी. सकाळी उठल्यावर माणूस सगळ्यात उंच असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एखाद्या सेंटिमीटरने उतरते. त्यात शाळेत मोजे काढत नाहीत, वर अंबाडा किंवा घट्ट बांधलेली वेणी. झाले दोन सेंटिमीटर. पत्रासाठी फक्त घरचं माप धरा आणि ते दरवर्षी त्याच वेळी, त्याच पट्टीवर, त्याच माणसाने घ्या. मोठेपणी तुलना याच आकड्यांची होणार आहे, शाळेच्या नाही.

भिंतीवर थेट खुणा करू नका, दिवाळीआधी रंग काढला की गेल्या. सुताराकडून ४ इंच रुंद, साधारण ६ फूट लांब, १२ मिमी जाडीची प्लायची पट्टी कापून घ्या आणि स्क्रूने भिंतीला लावा. घर बदललं तर पट्टी काढून नेता येते. १२ मिमीच का, तर फरशीची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या फरशीचा पट्टा) भिंतीच्या १०-१२ मिमी पुढे आलेली असते. टाच स्कर्टिंगला टेकते, पाठ मात्र भिंतीला टेकत नाही, मग मूल मागे रेलतं आणि उंची कमी भरते. स्कर्टिंगच्या बरोबर वर तेवढ्याच जाडीची पट्टी बसवली की टाच आणि पाठ एका पातळीत येतात. फक्त आकडे लिहिताना शून्य जमिनीवर धरा, पट्टीच्या खालच्या टोकाला नाही. स्कर्टिंग १० सेंमीची असेल तर पट्टीची सुरुवात १० पासून होते. ही चूक इतकी सहज होते की पट्टी लावल्यावर एकदा टेप जमिनीपासून धरून १०० सेंमीची खूण तपासाच. टेप पोलादी घ्या, शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. पोलादी टेपच्या टोकाचा पत्रा किंचित हलतो, तो बिघाड नाही. टेप अडकवून मोजलं किंवा टेकवून मोजलं तरी माप बरोबर यावं म्हणून तो स्वतःच्या जाडीइतका मुद्दाम सैल ठेवलेला असतो.

मोजताना अनवाणी उभं करा, केस मोकळे सोडा. टाचा, कुल्ले, खांद्यांची हाडं आणि डोक्याची मागची बाजू पट्टीला लागू द्या. कानाचं छिद्र आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत हवी. मुलं उंच दिसायला हनुवटी वर करतात, तेव्हा उलट उंची कमी भरते. डोक्यावर वही-पुस्तक ठेवू नका, ते कलतं. सुताराचा गुण्या (काटकोन पाहायचं साधन) घ्या, त्याची एक बाजू पट्टीला घट्ट लावा आणि दुसरी केस दबेपर्यंत खाली आणा. तीनदा मोजा, जवळजवळच्या दोन मापांची सरासरी लिहा.

धाकट्यासाठी एक खास गोष्ट. दोन वर्षांच्या आत मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, दोन पूर्ण झाल्यावर उभं करून. त्याच मुलाचं उभं माप आडव्यापेक्षा सुमारे ०.७ सेंमी कमी येतं. गेल्या दिवाळीला तो सव्वा वर्षाचा होता, म्हणजे ते माप आडवं घेतलेलं असणार. या वर्षी ‘उभी उंची’ असं स्पष्ट लिहा आणि वाढ काढताना गेल्या वर्षीच्या आकड्यातून ०.७ वजा करून घ्या.

आता दिवाळीबद्दल. पत्र खुशाल दिवाळीला पाठवा, पण मापं दिवाळीला घेऊ नका, कारण आपली दिवाळी दर ३६५ दिवसांनी येत नाही. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, म्हणजे ३५४ दिवसांनी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते ८ नोव्हेंबरला, म्हणजे ३८३ दिवसांनी. दोन ‘वर्षां’त २९ दिवसांचा फरक! वर्षाला ६ सेंमी वाढणाऱ्या मुलीत तो जवळजवळ अर्धा सेंटिमीटर होतो, आणि यंदा एकदम उंच झाली असं उगाच वाटतं. तिथीने वाढदिवस करत असाल तर तिथेही हाच घोळ. इंग्रजी तारखेच्या वाढदिवसाला सकाळी मोजा आणि पत्रात ‘सात पूर्ण झाली त्या दिवशी’ असं लिहा.

वजनाचा काटा फरशीवरच ठेवा, सतरंजीवर नाही. नाश्त्याआधी, शौचाला जाऊन आल्यावर, पातळ कपड्यांत वजन घ्या. काटा खरा आहे का ते पाहायला मूल काट्यावर उभं असताना त्याच्या हातात एक-एक लिटरच्या दोन भरलेल्या पाणीबाटल्या द्या. आकडा दोन किलोच्या किंचित वर वाढायला हवा. एक किलोच वाढला तर सेल बदला किंवा काटा बदला.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी वाढतात. पूर्ण वर्षात ४ पेक्षा कमी भरली तर आधी पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढीच असेल तर नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ही वर्षावर्षाची ओळ जास्त उपयोगी पडते. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात, त्यासाठी ज्या सहा देशांतली मुलं मोजली त्यात भारतही होता. पाच ते अठरासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. पण तक्त्यावरची टक्केवारी, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत उंचीने खालून कितवी, पत्रात छापू नका. नातेवाईक ती परीक्षेच्या गुणांसारखी वाचतात, आणि पन्नासावर असलेल्या धडधाकट मुलीला ‘निम्मेच?’ असं विचारतात.

बालवाडी ताई

‘पहिलं’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवलं की तारखांचा गोंधळ संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीच्या अभ्यासात चालणं असं ठरवलं आहे: कशालाही किंवा कुणालाही न धरता निदान पाच पावलं. बसणं म्हणजे हाताचा टेकू न घेता, मान ताठ ठेवून दहा सेकंद. याच व्याख्या घरी वापरा. तुमच्या धाकट्याचं एक पाऊल टाकून पडणं ही सुंदर आठवण आहे, तीही लिहा, पण ‘चालायला लागला’ ही तारीख पाच पावलांचीच.

त्याच अभ्यासात निरोगी मुलं स्वतःहून चालू लागण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने इतकं पसरट आढळलं, आणि दर शंभरातली चार मुलं तर रांगलीच नाहीत. पत्रात एवढं वाक्य घातलंत तर ‘आमचा दहाव्यालाच चालला’ या चर्चेला आळा बसेल. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं, हेही पुष्कळदा राहून जातं.

बोलण्याच्या नोंदींना मात्र सगळ्यात जास्त जागा द्या. उंची पुढच्या वर्षीही मोजता येते, बोबडं बोलणं पुन्हा ऐकायला मिळत नाही. एखादा आवाज मूल दर वेळी त्याच वस्तूसाठी काढत असेल तर तो शब्दच. ‘बुबू’ म्हणजे पाणी असेल तर तारीख घालून ‘बुबू (पाणी)’ असंच लिहा, सुधारू नका. शब्दांच्या यादीपेक्षा मोडलेली वाक्यं मोलाची. मूल ‘केलं’ सोडून ‘करलं’ म्हणतं, ‘आला’ सोडून ‘येला’ म्हणतं, तेव्हा त्याने ‘बसलं, पडलं’वरून नियम स्वतः शोधलेला असतो, फक्त तो नको तिथे लावलेला असतो. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि एक दिवस ‘मी जातो’वर येतो. हा दिवस टिपला गेलाच पाहिजे. तसंच ‘काल’ आणि ‘उद्या’ची अदलाबदल कधी थांबली, ‘बाल’चं ‘बाळ’ कधी झालं, ‘लाम’चा ‘राम’ कधी झाला. र, ळ, ण उशिरा येतात, त्याची काळजी नको. काळजी कशाची, तर दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखी स्वतःची दोन शब्दांची जोडी नसणं. आणि कोणत्याही वयात आलेली गोष्ट नाहीशी होणं. तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं कुठे लिहायचं? सुंदर वही घेतली की ती कपाटात राहते. स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात लिहा. दोरीला पेन्सिल बांधून ठेवा, थोरलीसाठी शिसपेन्सिल, धाकट्यासाठी लाल. महिना उलटताना पानाचा फोटो काढा. लाल खुणा कमी दिसल्या की धाकट्याकडे लक्ष द्यायची आठवण आपोआप होते. एक-दोन ओळीच, पण त्याच दिवशी. आठवडा गेला की तुम्ही त्याचं वाक्य न कळत दुरुस्त करून लिहिता.

दुसऱ्या मुलाच्या नोंदी सगळ्याच घरांत कमी पडतात. त्यावर उपाय म्हणजे वाढदिवसाला दोघांनाही तेच सहा प्रश्न: काय खायला आवडतं, कशाची भीती वाटते, कुणाशी खेळतो, कोणतं काम आता स्वतः करतो, झोपताना काय लागतं, सध्याचा हट्ट कोणता. थोरली स्वतः उत्तरं देईल, तिच्या शब्दांत उतरवा. धाकट्याची तुम्ही द्या. पत्रात दोघांना सारखीच जागा ठेवा, पण दोघांचे आकडे शेजारी मांडू नका.

आणि छापण्याआधी पत्र थोरलीला वाचून दाखवा. ती ‘हे नको’ म्हणेल ते काढायचं, कारण विचारायचं नाही. अंथरूण ओलं होणं, मार्क, शाळेत झालेली शिक्षा, आजार हे तर तिने न सांगताच वगळा. सात वर्षांची मुलगी पंधरा वर्षांची होईल तेव्हाही हे पत्र आत्याच्या कपाटात असणार आहे.

दातांबद्दल राहिलं. सहा-सात वर्षांच्या सुमारास कोणताही दात न पडता अगदी मागे एक दाढ येते. ती दुधाची समजून पुष्कळ घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. तुमच्या थोरलीच्या तोंडात आज बघाच, आणि ब्रश तिथपर्यंत पोचतोय का तेही.

लसपत्रिका

थोडक्यात. पत्र लिहायला बसाल त्याच दिवशी मुलांचे लसींचे आणि दाखल्यांचे कागद तपासा. धाकट्याला १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर मिळून गेलेला हवा. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो, तो सगळ्यात जास्त चुकतो. थोरलीला पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर मिळाल्याची नोंद आहे का पाहा. पाच वर्षांनंतर आधारमध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते, पुन्हा पंधराव्या वर्षी. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घातलं नसेल तर पहिलं वर्ष विनाशुल्क असतं, नंतर विलंब शुल्क. हे सगळं घरच्या प्रतीत. नातेवाइकांच्या प्रतीत पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळेचं नाव या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका.

त्रिरश्मी

फोटोंसाठी एकच सांगतो: जागा बदलू नका. दादासाहेब फाळके चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा रोवून बसले होते. रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. त्यात कॅमेरा जागचा हलला नाही हेच महत्त्वाचं. वर्षाचा फोटोही तसाच हवा. आपल्या नाशिककरांना पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. एक ठरावीक पायरी धरा, पावसाळा सरल्यावर सकाळी जा, मोबाइल मुलाच्या छातीच्या उंचीवर धरा, सहा पावलं मागे या आणि झूम करू नका. जवळून, वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, मग दोन वर्षांचे फोटो जुळत नाहीत. गेल्या वर्षीचा फोटो मोबाइलवर उघडून पायरीची कड चौकटीत कुठे आहे ते बघून उभं राहा. धाकट्याला कडेवर घेऊन चढलात की तो स्वतः चढला, हेही खाली एका ओळीत लिहा.

पाठवताना हे लक्षात घ्या: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, पण फोटो कुठे काढला ती माहितीही त्यातून गळते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो आणि ठिकाणासकट जातो. घरी काढलेल्या फोटोत तुमच्या घराचं ठिकाण असतं. म्हणून छपाईसाठी मूळ फाइल द्यायची तर आधी फोटोतून ठिकाण काढून टाका किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंदच ठेवा. शाळेचा गणवेश आणि ओळखपत्र दिसणारे फोटो नकोत.

इंदिरानगरची आई, नाशिक

सगळ्यांचे आभार. दाढ पाहिली, खालच्या दोन्ही बाजूंना आली आहे आणि ब्रश तिथवर जात नव्हता. आता छपाईचं कुणी सांगेल का? गेल्या वेळी वर्डची फाइल दिली, दुकानात ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं. आजोबांना बारीक अक्षर वाचता येत नाही.

जुळारी, नाशिक रोड

ताई, तुमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांसाठी ठरवलेल्या एकाच अक्षरसंकेतात आहे. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालतं. मजकूर तिकडे बदलून घेताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ आधी मरतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक डोंगरातला, एक समुद्र, त्यामुळे ही नुसती दिसण्याची बाब नाही. वर्डची फाइल देऊच नका. घरीच फॉन्टसकट पीडीएफ बनवा आणि दुकानात सांगा की ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची नाही, थेट प्रिंटला द्यायची. मोबाइलवर ती पीडीएफ नीट दिसते का ते आधी बघा, दुसऱ्या यंत्रावर बिघडत असेल तर फॉन्ट आत आलेला नाही.

आजोबांसाठी ए-४ दुमडून ए-५ करू नका. ए-३ कागद मधोमध दुमडला की ए-४ आकाराची चार पानं होतात, अक्षर १४ पॉइंट ठेवता येतं आणि पिन लागत नाही. पिन नकोच, आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजते आणि डाग पानात उतरतो. कागद १३० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅट घ्या. चकचकीत कागदावर बल्बचा उजेड पडून वाचता येत नाही आणि खाली पेनाने दोन ओळी लिहाव्या म्हटलं तर शाई पुसते. १७० च्या वर गेलात तर दुमडायच्या रेघेवर आधी क्रीझ (दाबून पाडलेली रेघ) मारून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. चारही बाजूंनी १२ मिमी कोरं सोडा.

फोटोचं गणित सोपं आहे. छापील १० सेंमी रुंदीसाठी सुमारे १२०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० चा असतो, म्हणजे १३ सेंमीपर्यंत चालेल, पानभर ताणला तर फुटेल. जपायच्या प्रतीला लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि कागद परत सोडवता येत नाही. साध्या कागदी पाकिटात, आडवी, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कप्प्यात ठेवा.

सगळ्या प्रती काढण्याआधी एकच प्रत काढून घ्या. पीडीएफच्या शेवटी ही ओळ घालून ठेवा आणि छापून आलेल्या कागदावर बोट ठेवून वाचा: ‘दुसऱ्या तऱ्हेच्या वाऱ्याने ॲप, ऑफिस, लक्ष्मी, श्री, ज्ञान, कृष्ण, बाळ.’ यातलं एकही अक्षर मोडलं नसेल तर ती ओळ खोडा आणि बाकीच्या प्रती सोडा. ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आलेत ना तेही त्याच वेळी पाहा. आणि धाकट्याचं ‘करलं’ दुकानदार चूक समजून ‘केलं’ करून ठेवतात, त्यांना आधीच सांगा.